एका 'पंच'ची चार कुळं

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर, लडगेट सर्कसच्या अलीकडे, 'पंच टॅव्हर्न' नावाचा एक जुना पब आहे. आत बाकदार नाकाच्या, टोकदार हनुवटीच्या मिस्टर पंचची चित्रं आहेत. 'पंच' साप्ताहिकाची संपादक-चित्रकार मंडळी इथे बसायला यायची, म्हणून पबला हे नाव पडलं. समोरचा चौक ओलांडला की लडगेट हिल सुरू होते. १७३१ साली जेम्स ॲश्ले नावाच्या माणसाने तिथे 'पंच हाउस' थाटलं होतं. तिथे मिळायचं ते पंच नावाचं पेय. बाहुलं, साप्ताहिक आणि दारू हे तिन्ही पंच हाकेच्या अंतरावर होते. चौथा पंच ठोशाचा, आणि फ्लीट स्ट्रीटच्या पबांतून रात्री उशिरा त्याचीही प्रात्यक्षिकं झाली असणारच.

मराठी माणसाला या शब्दाबद्दल एकच गोष्ट सांगितलेली असते: इंग्रजांचा पंच म्हणजे आपला 'पाच', पाच जिनसांचं पेय, म्हणून पंच. गोष्ट ऐकायला बरी वाटते, छाती थोडी फुगते आणि निरोप पुढच्या गटात ढकलला जातो. ती खोटी आहे असं नाही, पण आहे त्यापेक्षा जास्त खरी करून सांगितली जाते. शिवाय ती एकाच पंचची गोष्ट आहे. इंग्रजी कोशात पंचच्या वेगवेगळ्या नोंदी आहेत, कारण ही वेगवेगळ्या कुळांतली माणसं आहेत आणि आडनाव तेवढं एक झालं आहे.

सगळ्यात जुनं कुळ टोचण्याचं. लॅटिनमध्ये टोचण्याच्या क्रियेला जो धातू आहे त्यातून फ्रेंचमध्ये टोच्या, छिन्नी अशा हत्यारांची नावं झाली आणि तिथून मध्ययुगात हा शब्द इंग्रजीत आला. आधी अर्थ होता टोचणं, भोसकणं, गुरांना काठीने ढोसणं. मुठीने मारणं हा अर्थ सोळाव्या शतकातला. पंक्चर, पॉइंट, पंक्चुअल हे सगळे याच घरातले. सायकलवाला 'पंचर' म्हणतो तेव्हा आपण हसतो, पण नकळत तो शब्दाला त्याच्या चुलतभावाजवळ नेऊन बसवत असतो.

या कुळाचा संसार यंत्रयुगात वाढला. १८७८ साली लंडनमध्ये 'बेल पंच कंपनी' निघाली. ट्रामच्या कंडक्टरने तिकिटाला भोक पाडलं की घंटी वाजायची आणि आत कुलूपबंद पेटीत मोजणी व्हायची. घंटी प्रवाशाला ऐकू यायची, त्यामुळे पैसे घेऊन तिकीट न देण्याची सोय संपली. याच कंपनीने १९६१ मध्ये 'अनिता' नावाचं गणकयंत्र बाजारात आणलं. मेजावर ठेवायचं, संपूर्ण इलेक्ट्रॉनिक असं जगातलं ते पहिलं गणकयंत्र. भोकं मोजता मोजता कंपनी आकडेमोडीपर्यंत पोचली. आपल्याकडे हाच पंच एसटीच्या कंडक्टरच्या हातात होता. तिकिटांची पत्र्याची पेटी काखेत, आणि रिकाम्या वेळी पितळी दांड्यावर पंचाची टकटक. तिकिटाची यंत्रं आली आणि तो आवाज गेला. शब्द मात्र कचेरीच्या दारात टिकून आहे. 'पंच केलंस का?' असं विचारतात तेव्हा हजेरीच्या यंत्रावर बोट टेकवायचं असतं. कार्डही नाही, भोकही नाही.

बॉक्सिंगमधून या कुळाला मुत्सद्देगिरीतही प्रवेश मिळाला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी ब्रिटन आपल्या वजनगटापेक्षा जड ठोसा मारतो, अशा आशयाचं वाक्य वापरलं. साम्राज्य गेलेल्या देशाला ते इतकं आवडलं की तिथल्या अग्रलेखांत ते अजून फिरतं.

दुसरं कुळ बाहुल्याचं, आणि त्याचा ठोशाशी मुळात काही संबंध नाही. नेपल्सच्या लोकनाट्यात पुल्चिनेल्ला नावाचं एक पात्र होतं: पोक आलेलं, चोचीसारख्या नाकाचं, चिरक्या आवाजाचं. या नावाचं नातं कोंबडीच्या पिल्लाला असलेल्या इटालियन शब्दाशी लावतात. इंग्रजांच्या तोंडी त्याचं पंचिनेल्लो झालं आणि मग शेपूट गळून पंच उरलं. ९ मे १६६२ रोजी सॅम्युएल पेपिस या रोजनिशीकाराने कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि त्याला तो फार आवडला. आजही तिथल्या सेंट पॉल चर्चच्या भिंतीवर त्याची नोंद कोरलेली दिसते. त्यानंतर आठवडाभराच्या आत ब्रागांझाची कॅथरिन पोर्ट्समथला उतरली. तिच्या लग्नाच्या करारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळालं होतं. हा योगायोगच, पण पुढे तो कामाला येणार आहे.

पंच आणि जुडीचा खेळ पाहिलेला नसेल तर त्यात नेमकं काय होतं हे सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या कळसूत्री बाहुल्यांची सभ्यता त्यात नाही. मिस्टर पंच तान्ह्या मुलाला खिडकीबाहेर फेकतो, बायकोला काठीने बडवतो, शिपायाला बडवतो, आणि फाशी द्यायला आलेल्या जल्लादालाच फासात अडकवतो. मध्ये मगर येऊन सॉसेज पळवते. खेळ करणारा तोंडात एक छोटी पट्टी धरून पंचचा किरटा आवाज काढतो. समोर बसलेली पाच-सहा वर्षांची पोरं आनंदाने किंचाळत असतात. जोव्हान्नी पिच्चिनी नावाच्या इटालियन खेळियाचा प्रयोग जॉन पेन कॉलियरने उतरवून घेतला आणि जॉर्ज क्रुकशँकच्या चित्रांसह १८२८ साली छापला, तेव्हापासून या खेळाला थोडंफार ठरीव रूप आलं. बायको आधी जोन होती, जुडी नंतर झाली. इतकी मारहाण पाहून कुणालाही वाटेल की ठोशावरूनच हे नाव पडलं असणार. पण पंच मारतो तो काठीने, मुठीने नव्हे.

या बाहुल्याने भाषेला बरंच दिलं. स्वतःवर खूश असलेल्या माणसाला 'पंचसारखा खूश' म्हणतात. पेपिसनेच १६६९ च्या एप्रिलमध्ये नोंदवलं आहे की बुटक्या, गुटगुटीत कशालाही लोक आता पंच म्हणू लागले आहेत, एका घरात तर लठ्ठ पोराचंच नाव पंच ठेवलेलं. सफोक परगण्यातल्या नांगराच्या घोड्याला 'सफोक पंच' म्हणतात ते त्याच्या आखूड पायांच्या, भरदार बांध्यामुळे. हा घोडा आता दुर्मीळ झाला आहे. आजचे सगळे सफोक पंच १७६८ साली जन्मलेल्या एका नराचे वंशज आहेत. आणि २००५ मध्ये हुजूर पक्षाचं नेतृत्व मिळताच डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेतल्या 'पंच-जुडी राजकारणाचा' आपल्याला वीट आल्याचं जाहीर केलं. पुढे ते स्वतः त्या खेळात चांगले रमले.

बाहुल्यातून साप्ताहिक निघालं. १७ जुलै १८४१ रोजी 'पंच'चा पहिला अंक आला. हेन्री मेह्यू आणि एबनेझर लँडेल्स हे संस्थापक, आणि संपादकांत मार्क लेमन. लेमनशिवाय पंच कसला, अशी कोटी तेव्हापासूनच सांगितली जाते. म्हणजे नाव ठेवतानाच बाहुलं आणि पेय यांची सरमिसळ झाली होती. व्यंगचित्राला 'कार्टून' म्हणायची पद्धत याच साप्ताहिकाने पाडली. त्याआधी कार्टून म्हणजे मोठ्या चित्राचा कच्चा आराखडा. १८४३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या नव्या संसदभवनासाठी भित्तिचित्रांच्या अशा आराखड्यांचं प्रदर्शन भरलं. बाहेर लोक उपाशी आणि सरकार चित्रं लावतंय, म्हणून पंचने आपल्या व्यंगचित्राला 'कार्टून क्रमांक १' असं नाव देऊन टोला हाणला. टोला विसरला गेला, शब्द राहिला. १८५७ मध्ये याच साप्ताहिकात जॉन टेनियलने ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेताना काढला. ते चित्र आज हिंदुस्थानच्या इतिहासाच्या पुस्तकांतही छापतात. 'पंच' १९९२ मध्ये बंद पडलं, १९९६ मध्ये मोहम्मद अल-फायेद यांनी पुन्हा सुरू केलं आणि २००२ मध्ये कायमचं मिटलं.

त्याची हिंदी भावंडं तोपर्यंत केव्हाच होऊन गेली होती. मुंबईत १८५४ साली 'पारसी पंच' निघालं आणि पुढे त्याचं 'हिंदी पंच' झालं. लखनौला १८७७ मध्ये मुन्शी सज्जाद हुसेन यांनी 'अवध पंच' काढलं. मराठीत 'हिंदू पंच' होतं. इथे एक गंमत घडली. लंडनच्या वाचकाला पंच म्हणजे काठी उगारलेला विदूषक. आपल्या वाचकाला पंच म्हणजे गावचा निवाडा करणारा, भांडणात तिसरा, साक्षीला उभा राहणारा. विदूषकाच्या नावाचं पत्र इकडे न्यायाधीशाच्या नावाचं होऊन आलं. 'हिंदी पंच'च्या चित्रांत तर स्वतः पंच महाराजांचं नाव 'पंचोबा' असं असायचं. विठोबा, म्हसोबा, तसे हे पंचोबा! इटलीतलं कोंबडीचं पिल्लू मुंबईत येऊन देवमाणूस झालं, एवढी बढती इतर कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आता दारूचा पंच. खरा वाद इथेच आहे.

इंग्रजीतला पहिला पुरावा १६३२ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट ॲडम्सने पूर्व किनाऱ्यावरच्या पेटापोली इथल्या माणसाला लिहिलेल्या पत्रात पंच पिण्याचा उल्लेख येतो, आणि तो काय असतो हे समजावण्याची गरज त्याला वाटत नाही. म्हणजे इथल्या वखारींत तो आधीच रुळलेला होता. १६३८ च्या सुमारास मँडेलस्लो हा जर्मन प्रवासी सुरतेत इंग्रजांचं एक पेय नोंदवतो. त्याने नाव ऐकलं ते 'पालेपुंत्झ' असं. १६५३ मध्ये छापलेल्या फ्रेंच प्रवासवर्णनात ते 'बोलपोंज' होतं. दोन्ही म्हणजे इंग्रजीतलं 'बोल ऑफ पंच', पंचचं भांडं. फ्रेंच आणि जर्मन कानांनी शब्द कसाही ऐकला तरी ठिकाण प्रत्येक वेळी हिंदुस्थान आहे. आणि १६६२ च्या जानेवारीत, पेपिसने बाहुलं पाहिलं त्याच्या चारच महिने आधी, जॉन एव्हलिन आपल्या रोजनिशीत लिहितो की ब्लॅकवॉल धक्क्यावर लागलेल्या ईस्ट इंडियाच्या जहाजावर पाहुणचारात पंच होता. दोन वेगळ्या कुळांतले दोन पंच एकाच वर्षी लंडनच्या दोन रोजनिश्यांत हजर झाले आणि मुंबईही त्याच सुमारास इंग्रजांच्या दप्तरात दाखल झाली.

पाचाची गोष्ट सांगणारा मुख्य साक्षीदार जॉन फ्रायर. हा कंपनीचा डॉक्टर. १६७३ मध्ये मुंबईत उतरला, १६७५ मध्ये जुन्नरपर्यंत येऊन गेला. शिवकाळ वाचणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. १६९८ साली छापलेल्या त्याच्या ग्रंथात गोव्याचं वर्णन करताना तो सांगतो की नेरुळला उत्तम अरक होतो, त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज 'पाँच' नावाचं गलितगात्र करणारं पेय बनवतात, आणि हिंदुस्थानीत पाँच म्हणजे पाच, कारण त्यात पाच जिनसा असतात. हे नेरुळ म्हणजे बार्देशातलं, मांडवीपलीकडचं, नव्या मुंबईतलं नव्हे. माडाची ताडी गाळून केलेला गोव्याचा अरक तेव्हा सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर नावाजलेला होता. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यात फ्रायरची साक्ष मान्य केली, आणि पुढे सगळ्यांनी तीच उतरवली.

पण फ्रायरचं वाक्य नीट वाचलं तर तो स्वतःच त्याला लगेच जोड देतो: वैद्य मंडळी पाच द्रव्यांच्या औषधाला एक नाव देतात आणि चार द्रव्यांच्या औषधाला दुसरं. मग पाच की चार? मँडेलस्लोच्या पेयात चारच जिनसा आहेत: दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. फ्रेंच प्रवाशाच्या यादीत भाजलेलं बिस्किटही आहे. सगळ्यात मजेदार पुरावा खुद्द मुंबई सरकारचा. १६९४ च्या हुकुमानुसार खाणावळीत पंच प्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला गोव्याचा चांगला अरक एक क्वार्ट, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचं पाणी मागण्याचा हक्क होता. पंच त्याने स्वतः बनवायचा. भांड्यावर बाजारच्या कारकुनाचा शिक्का नसेल तर भांडं खुशाल फोडावं, भांड्याचेही पैसे द्यायचे नाहीत आणि पंचचेही नाहीत! माप मारणाऱ्याला इतकी रोखठोक शिक्षा आजच्या वजनमापे खात्याने वाचण्यासारखी आहे. पण जिनसा मोजा. सरकारने ठरवून दिलेल्या तीन भरतात. वरचं पाणी आणि जायफळ धरलं तर पाच होतात, हे खरं. पण धरायचे म्हटल्यावर काहीही पाच होतं. आपल्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर यांच्यात कुणी केळं घातलं तरी ते पंचामृतच राहतं. मात्र पंचामृताच्या पाच जिनसा पोथीत लिहून ठेवलेल्या आहेत. पंचच्या कुणी लिहिल्या नाहीत.

विरुद्ध बाजू म्हणते की हा शब्द 'पंचन' या मोठ्या पिंपाच्या नावावरून खलाशांनी तोडला असावा. त्यांचा आधार उच्चाराचा आहे. हिंदीत पाँच, मराठीत पाच, दोन्हीकडे 'आ' लांब. तो इंग्रजीत 'यू' अक्षराने का लिहावा? त्यावर उत्तर असं की आपला ऱ्हस्व 'अ' इंग्रज कारकून 'यू'नेच लिहीत. पंखा, पंडित, पंजाब, सगळीकडे तेच. पेशवाई बुडाल्यावर १८१९ मध्ये एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीवर पानंच्या पानं आहेत आणि त्या काळच्या इंग्रजी कागदांत पंचायतीचं स्पेलिंग 'पंच' या दारूच्या स्पेलिंगनेच सुरू होतं. समासात आपण 'पाच' म्हणत नाही, 'पंच' म्हणतो: पंचारती, पंचखाद्य, पंचक्रोशी. फारसीतही पंज. तेव्हा ऱ्हस्व उच्चार कानावर पडायला इथे जागा भरपूर होत्या.

तरी हे उत्तरही पुरतं लागू पडत नाही. 'यू'चा 'अ'सारखा उच्चार इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात नुकता रुजत होता. १६३२ मध्ये पत्र लिहिणारा माणूस कदाचित 'पुंच' म्हणत असेल. एल्फिन्स्टनच्या काळचं स्पेलिंग दोनशे वर्षं मागे नेऊन पुरावा म्हणून उभं करता येत नाही. दुसरीकडे पिंपवाल्यांची अडचण त्याहून मोठी आहे. शब्द खलाशांनी पिंपावरून बनवला असेल तर तो आधी इंग्लंडच्या बंदरांत किंवा वेस्ट इंडीजच्या जहाजांवर सापडायला हवा. पण सुरुवातीची पावलं सगळी आपल्या किनाऱ्यांवर उमटलेली आहेत. ऑक्सफर्डचा कोश या प्रश्नावर अजून हातचं राखून बोलतो, आणि ते बरोबर आहे.

इंग्लंडात गेल्यावर या पेयाने जे राज्य केलं त्याला तोड नाही. ॲश्लेने लडगेट हिलवर ते थोड्या मापात, स्वस्तात विकायला काढलं, म्हणून ते कारकुनाच्याही खिशाला परवडलं. हॉगार्थचं १७३३ चं गाजलेलं चित्र पाहा: मध्यरात्र उलटलेली, टेबलावर पंचचं भलंमोठं भांडं, भोवती झोकांड्या खाणारे वकील आणि पाद्री. थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'मध्ये कंपनीचा कलेक्टर जॉस सेडली व्हॉक्सहॉल बागेत अरकाचा पंच ढोसतो आणि त्याच्या त्या एका रात्रीने कादंबरीतली एक सोयरीक मोडते. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या माणसाला लंडनमध्ये लोळवायला थॅकरेने नेमकी हीच दारू निवडली. तो स्वतः कलकत्त्यात जन्मलेला होता. सरे परगण्यात हाइंडहेडजवळ एक खोल, वाटोळी दरी आहे, तिचं नाव 'डेव्हिल्स पंच बोल', सैतानाचं पंचपात्र. २०११ मध्ये डोंगराखालून बोगदा काढून पोर्ट्समथचा हमरस्ता तिथून हलवला आणि वरची वाट चालणाऱ्यांना मोकळी झाली. स्वीडिश लोक आजही अरकाचा गोड 'पुंश' पितात, तोही त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने नेलेला. आणि मुंबईच्या लग्नात बायकामुलांच्या हातात 'फ्रूट पंच' येतो, त्यातली दारू गेलेली असते आणि कृत्रिम रंग आलेला असतो.

माझा निवाडा असा. ठोशाचा पंच लॅटिन, बाहुल्याचा इटालियन, साप्ताहिकाचा बाहुल्याच्या पोटचा. यात शंका नाही. दारूचा पंच हिंदुस्थानात बनला, अरक, लिंबू आणि साखर इथलीच होती, नावही बहुधा इथेच पडलं, इथवर पुरावा भक्कम आहे. ते नाव 'पाच'वरूनच पडलं, हे संभाव्य आहे, सिद्ध नाही. फ्रायरने ऐकीव सांगितलं आणि यूल-बर्नेलने त्यावर शिक्का मारला, पण अर्थ लावणारा माणूस घटनेनंतर चाळीस वर्षांनी आलेला आहे.

कोशकारांनी या प्रश्नावर आजवर हजर केलेले साक्षीदार सगळे युरोपीय आहेत. बार्देशातल्या भट्टीवाल्याने, सुरतेच्या दलालाने, मुंबईच्या खाणावळीत लिंबं पुरवणाऱ्याने या पेयाला काय म्हटलं, ते त्यांत नाही. सतराव्या शतकातले मोडी किंवा गोव्यातले पोर्तुगीज कागद वाचणारे वाचक आपल्यात आहेत. अरकाच्या हिशेबात, जकातीच्या यादीत कुठे 'पंच' हा शब्द पेयाच्या अर्थाने दिसला, तर तारीख आणि रुमाल क्रमांकासह छापा.